आमदार निधीचा हिशेब मागताय? या चुका टाळा

‘आमच्या गल्लीचा रस्ता अजून का झाला नाही? जबाबदार कोण?’ असा माहिती अधिकाराचा अर्ज आला की जन माहिती अधिकारी, म्हणजे कार्यालयात अशा अर्जांना उत्तर देणारा अधिकारी, मनातून खूश होतो. ‘माहिती’ म्हणजे कार्यालयाच्या नोंदीत आहे ते. ‘का’ची उत्तरं त्यात येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं 2008 मध्येच सांगितलंय. मग ‘प्रश्नार्थक माहिती देय नाही’ अशी एक ओळ येते, अर्जदार समाजमाध्यमावर संताप ओततो आणि 30 दिवस पाण्यात जातात.

राग बाजूला ठेवा, कागदाचं नाव घ्या. त्या कामाचा प्रशासकीय मान्यतेचा आदेश, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या वहीची) पानं, अदा केलेली देयकं, काम पूर्ण झाल्याचा दाखला. अंदाजपत्रकात आणि मोजमाप पुस्तिकेत काँक्रीटची जाडी 15 सेंटीमीटर, रस्त्याच्या कडेला पट्टी लावली तर 9, असं निघालं की ‘का’ विचारायची गरजच उरत नाही.

अर्ज आमदारांच्या संपर्क कार्यालयात देऊ नका. आमदार काम सुचवतात. मंजुरीचे कागद जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे, मोजमाप पुस्तिका काम करणाऱ्या यंत्रणेकडे. दोन कार्यालयं, दोन अर्ज.

एकाच अर्जात पाच वर्षांची सगळी कामं कोंबू नका. महाराष्ट्राच्या नियमांत एक विषय, साधारण 150 शब्द. व्हॉट्सॲपवरचा तयार नमुना तर मुळीच नको. त्यात दुसऱ्याच तालुक्याचं नाव राहून जातं.

10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या. तारखेशिवायचा शिक्का म्हणजे पोच नव्हे.

30 दिवसांत उत्तर नाही? अधिकाऱ्याच्या टेबलाशी हुज्जत घालण्यात महिना घालवणारे पुष्कळ, आणि त्यातच अपिलाची मुदत निघून जाते. उत्तर न देणं म्हणजे कायद्यानं नकारच. पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील करा. मुदतीनंतर माहिती आली तर ती फुकट मिळायला हवी, माहिती अधिकार कायद्याचं कलम 7(6) दाखवा. प्रतीच्या पानामागे 2 रुपये निमूटपणे मोजू नका.

आणि मुळात शेकडो पानं मागवायचीच कशाला? 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत सोमवारी दुपारी 3 ते 5 नस्ती, म्हणजे कामाची फाइल, पाहता येते. वही घेऊन जा, पान क्रमांक उतरवा आणि तेवढ्याच पानांच्या प्रती मागा.