राखीव हवा दोघांची: बडीसोबतच्या डाइव्हची आखणी

मालवण-तारकर्लीत किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्या पर्यटकाच्या सिलिंडरवर प्रशिक्षकाचा हात असतो. हवा किती उरली, किती खोल आलो, वर कधी निघायचं, सगळं तोच बघतो. ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगचं पहिल्या पातळीचं, प्रमाणपत्र हातात पडलं की हा हिशेब तुमच्याकडे येतो. नवे डायव्हर इथेच चुकतात, कारण ते हवा मोजतात ती फक्त स्वतःपुरती, बडीला, म्हणजे सोबत उतरणाऱ्या जोडीदाराला, धरून नाही.

आपल्याकडे भाड्याने मिळणारं नेहमीचं अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर 11.1 लिटरचं असतं. 200 बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) भरलं की त्यात साधारण 2,200 लिटर हवा असते. पाण्याच्या पृष्ठभागावर निवांत पोहताना मिनिटाला 20 लिटर लागतात असं धरू. पृष्ठभागावर दाब 1 बार असतो आणि दर 10 मीटरला तो एक बारने वाढतो, त्यामुळे 18 मीटरवर (ओपन वॉटरवाल्याची मर्यादा तेवढीच) दाब 2.8 बार आणि खर्च मिनिटाला 56 लिटर होतो.

आता राखीव हवा. ‘बोटीवर परत याल तेव्हा 50 बार उरले पाहिजेत,’ एवढं सगळ्यांच्या कानावर असतं. त्याचा अर्थ मात्र बरेच जण ‘50 बारला वर निघायचं’ असा लावतात. समजा, 18 मीटरवर बडीची हवा बंद पडली. घाबरलेला माणूस मिनिटाला 30 लिटर सहज ओढतो, आणि आता एका सिलिंडरवर दोघं आहेत, म्हणजे 60. एकमेकांना धरून, ऑक्टोपस (म्हणजे जास्तीचा रेग्युलेटर, श्वास घ्यायचं उपकरण) तोंडात देऊन सावरायला एक मिनिट: 60 गुणिले 2.8, म्हणजे 168 लिटर. मिनिटाला 9 मीटरच्या वेगाने वर यायला दोन मिनिटं, सरासरी दाब 1.9: 228 लिटर. वाटेत 5 मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षेसाठीचा थांबा, तिथे दाब 1.5: 270 लिटर. बेरीज 666, भागिले 11.1, म्हणजे 60 बार. प्रत्यक्षात हवा कमी पडली तर थांबा सोडता येतो, पण आखणीतच तो सोडून देऊ नका. गेज (किती हवा उरली ते दाखवणारं) थोडं चुकीचं दाखवत असेल हेही धरा आणि 18 मीटरवर 70 बारला तळ सोडा. तेव्हा तुमची स्वतःची हवा व्यवस्थित असते, म्हणून हा नियम मोडावासा वाटतो. पण ती राखीव हवा तुमच्या एकट्याची नाहीच.

200 मधून हे 70 वजा केले की उरले 130 बार, म्हणजे सुमारे 1,440 लिटर. भागिले 56, म्हणजे जेमतेम 25 मिनिटं. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात 18 मीटरला जास्तीत जास्त 56 मिनिटं राहायची मुभा आहे, पण नवख्याची हवा त्याच्या निम्म्यातच संपते. दोघांपैकी ज्याला जास्त हवा लागते त्याच्या आकड्यावर डाइव्ह ठरवा. मिनिटाला 25 लिटर घेणारा बडी असेल तर वेळ 20 मिनिटं धरा, आणि हे त्याच्याशी मोकळेपणाने बोला. लाजेने हवा चोरून, श्वास रोखून धरणारा बडी जास्त हवा घेणाऱ्यापेक्षा कितीतरी धोक्याचा.

खोली, वेळ, परतायचा आकडा, पुढे कोण राहणार, एकमेकांपासून तुटलो तर काय करायचं, हे सगळं बोटीवरच ठरलेलं असावं. खुणाही एकदा करून बघा. वर केलेला अंगठा म्हणजे ‘वर चला’. ‘छान चाललंय’ म्हणायला तो दाखवलात तर बडी डाइव्ह संपवेल, आणि त्याचं काहीच चुकलेलं नसेल. ‘ठीक’साठी अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं.

मग एकमेकांची तपासणी: बीसीडी (हवा भरून तरंगण्यासाठीचं जॅकेट) फुगते आणि रिकामी होते का, बुडण्यासाठी लावलेली वजनं एका हाताने सोडता येतात का, बकलं कुठे आहेत, हवा चालू आहे का. यातली हवेची तपासणी घाईत उरकू नका. रेग्युलेटर तोंडात धरून, नजर गेजच्या काट्यावर ठेवून तीन-चार खोल श्वास घ्या. काटा जागचा हलता कामा नये. प्रत्येक श्वासाला तो खाली झुकून परत वर येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही. बोटीवर तेवढ्या फटीतूनही हवा पुरते. 18 मीटरवर त्याच श्वासाला 2.8 पट हवा लागते आणि ती येत नाही. बडीच्या ऑक्टोपसमधूनही दोन श्वास घ्या. वेळ आलीच तर तोच तुमच्या तोंडात असणार आहे.

वजनं नवखे हमखास जास्त लावतात. बीसीडी पूर्ण रिकामी करून, साधा श्वास धरून पाण्यात उभे राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं आणि श्वास सोडल्यावर हळूहळू बुडू लागलात, की वजन बरोबर. भरलेल्या सिलिंडरवर बघत असाल तर दोन किलो वाढवा, कारण हवेलाही वजन असतं आणि शेवटी सिलिंडर हलकं होतं. जादा वजन घेतलं की ते तोलायला बीसीडीत जादा हवा भरावी लागते. वर येताना ती फुगते आणि तुम्हाला वर ओढून नेते.

खाली जाताना पाय खाली ठेवा आणि दुखायची वाट न बघता दर अर्ध्या मीटरला कान मोकळे करा. दुखलंच तर मीटरभर वर या. सर्दी असेल तर डाइव्हच नको. गोळी घेऊन उतरलात आणि खाली तिचा असर संपला, तर वर येताना हवा कानात अडकते.

मालवणचं पाणी कधीकधी इतकं गढूळ असतं की तीन-चार मीटरपलीकडचं दिसत नाही. अशा वेळी हातभर अंतरावर, शेजारी-शेजारी पोहा. मागे राहिलेला बडी दिसत नाही. तुटलातच तर एक मिनिट जागेवर गोल फिरून बघा, वर बुडबुडे दिसतात का पाहा, मग सावकाश वर या. दोघांनी हेच करायचं, नाहीतर एक वर आणि दुसरा तळाशी शोधत राहतो. अशा वेळी 5 मीटरचा थांबा घ्यायचा की नाही, हेही आधीच ठरवा.

वर येताना श्वास क्षणभरही रोखू नका. 10 मीटरवरून वर येईपर्यंत फुप्फुसातली हवा दुप्पट होते. थांब्यावर असतानाच खुणेचा फुगा वर सोडा, कारण मालवणात डोक्यावर स्पीडबोटी आणि जेटस्की फिरत असतात. पाण्याबाहेर डोकं काढताना एक हात वर, नजर वर.

एका डाइव्हनंतर 12 तास आणि एकाहून जास्त डाइव्ह झाल्या तर 18 तास विमान नको, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क सांगतं. चिपी किंवा गोव्याच्या विमानाची वेळ डायव्हर लक्षात ठेवतात, घाट मात्र विसरतात. हा नियम 2,000 फूट (सुमारे 610 मीटर) उंचीपासून लागू होतो आणि आंबोली त्याच्याही वर, सुमारे 690 मीटरवर आहे. दुपारी बाराला दुसरी डाइव्ह संपली असेल, तर सावंतवाडीहून आंबोली चढायला दुसऱ्या दिवशी सकाळी सहानंतर निघा.