निवृत्तीनंतर पाळीव प्राण्यांची चित्रं काढताय? या चुका टाळा

साठीत हाती ब्रश घेणाऱ्यांचं मला कौतुक आहे. पण पहिल्याच दिवशी ‘सर, ऑर्डरी कधीपासून घेऊ?’ असं विचारलं की डोकं सटकतं.

सगळ्यात जास्त वाट फोटो लावतो. मालक उभा, कुत्रा पायाशी, मोबाइल त्याच्या तोंडाजवळ. अशा फोटोत नाक फुगतं, कान बारके होतात. जुळे सोलापुरातल्या एका काकांनी त्यावरच ग्रिड टाकून, म्हणजे चौकोन आखून, लॅब्रॅडॉर काढला. रेघ न् रेघ बरोबर. मालकीणबाई म्हणाल्या, “छान आहे काका, पण हा आमचा ब्रूनो नाही वाटत.” ब्रूनो तर गेलेला, नवा फोटो कुठून आणायचा? शेवटी घरच्या लग्नाच्या व्हिडिओत तो मांडवाच्या कडेला बसलेला सापडला. त्यावरून डोक्याचा आकार कळला आणि काकांनी चित्र पहिल्यापासून काढलं. फोटो पाहिल्याशिवाय मी कुणाला हो म्हणत नाही, ते यामुळेच. खाली बसून, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, थोडं लांबून झूम करून काढायला सांगा. फ्लॅश नको, डोळे हिरवे चमकतात. व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, म्हणजे बारकावे राहतात.

यूट्यूबवर लॅब्रॅडॉर शिकून तेच डोकं आपल्या देशी कारवानी कुत्र्याला बसवू नका. त्याचं तोंड लांब, निमुळतं असतं.

काळा कुत्रा म्हणून थेट काळी ट्यूब पिळणारे तर रोज भेटतात. कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं ते. मी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी मिसळतो. विश्वास बसत नसेल तर कुत्र्याला गच्चीवर न्या. काळ्याभोर पाठीवरही आभाळाचा निळा उतरलेला दिसेल. केस रंगवायची घाई इथेच नडते. आधी उजेड-सावली, मग केस, तेही ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने.

रंगीत पेन्सिलीचं काम असेल तर मिशा आधीच बोथट सुईने कागदावर दाबून घ्या, वरून रंग फिरवला की पांढऱ्या राहतात. शेवटी पांढऱ्या जेल पेनने ओढलेल्या मिशा मला लांबूनही ओळखू येतात.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 42च्या वर गेला की ॲक्रिलिक पॅलेटवरच सुकतं. ओल्या टिश्यूवर बटर पेपर ठेवून त्यावर रंग काढा आणि काम सकाळी उरका.

ॲडव्हान्स अर्धा. मेव्हण्याकडूनसुद्धा.

पेस्टलचं चित्र असेल तर फ्रेम करताना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, लावून घ्या, नाहीतर रंग काचेला लागतो. फ्रेमवाला ‘कशाला उगाच खर्च, काका’ म्हणेल. ऐकू नका.