एअर हॅमर मारत नाही म्हणून प्रेशर वाढवून राहिले का? आधी ह्या चुका पाहा

आमचे वर्कशॉप वणीकडच्या एका खेड्यात आहे, गेट, जिन्याचे कठडे, झुले, वृंदावनाच्या जाळ्या असे काम. गेटवरची पाने, भाले, वेलीचे घुमाव हाताने ठोकायचे म्हणजे दोन माणसे लागतात, एक सांडशी धरणारा आणि एक घण मारणारा, आणि घण मारणारा पोट्टा आजकाल भेटत नाही, कापूस वेचणीच्या दिवसात तर विचारूच नका. म्हणून मी एअर सिलिंडरवर चालणारा हॅमर बनवला. मशीन साधे आहे. वर डबल ॲक्टिंग सिलिंडर, म्हणजे हवेने वर आणि खाली दोन्हीकडे ढकलणारा, त्याच्या दांड्याला २५ किलोचा घण, खाली ऐरण, पायाखाली पॅडल, आणि एक व्हॉल्व्ह जो घण वर गेला की खाली पाठवतो आणि खाली आला की वर. आता आजूबाजूचे लोक पण बनवून राहिले आणि फोन आला की सगळ्यांचे एकच, "भाऊ, मारत नाही बे, प्रेशर किती ठेवू?"

अरे, ६३ एमएमच्या सिलिंडरवर ६ बारला जवळपास १९० किलोचा जोर येतो, २५ किलोच्या घणाला तो भरपूर झाला. हात रेग्युलेटरकडे, म्हणजे दाब कमी-जास्त करायच्या चावीकडे, जाते तिथेच गडबड आहे. बिघाड बहुतेक वेळा खाली असते नाहीतर नळीत असते.

खाली म्हणजे ऐरण. मी स्वतः हीच चूक केली. दहा इंची पाईप घेतला, तीन फूट उंच, आत काँक्रीट भरले, वरून जाड प्लेट वेल्ड केली, आणि दिसायला असा दणकट की येणारा-जाणारा वाहवा करून जाये. घण पडला की शेडचे पत्रे वाजत होते, जमीन हलत होती, आणि भट्टीतून काढलेला २० एमएमचा चौकोनी बार मात्र जसाच्या तसा. झाले असे की पाईप-काँक्रीट मिळून वजन भरले दीडशे-पावणेदोनशे किलो, घणाच्या सहा-सात पट फक्त, आणि वरून काँक्रीट आतून मार खाऊन भुसभुशीत झाले. ऐरण कमीत कमी दहा पट पाहिजे, पंधरा पट असली तर काम दिसते, मोठ्या कारखानी हॅमरला त्याच्यापेक्षाही जास्त ठेवतात. मग मी भंगारातून अडीचशे एमएमचा भरीव शाफ्ट आणला, तीन फुटाचा साडेतीनशे किलो भरला. प्रेशर उलट कमी केले आणि तोच बार दोन तापात, म्हणजे भट्टीत दोनदा तापवून, टोकदार झाला. आमच्याकडे कोळसा खाणी असल्यामुळे असे शाफ्ट भंगारवाल्याकडे कधीमधी भेटतात, नाही भेटला तर जाड प्लेटा उभ्या लावून कडेकडेने पूर्ण वेल्ड करा, पण पोकळ काही ठेवू नका.

आता ऐरण कशावर उभी आहे ते पाहा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मे मध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ह्या मातीवर सहा इंचाचा कोबा टाकून त्यावर मशीन बसवली तर पहिल्या पोळ्यापर्यंत ती एका अंगाला झुकलीच समजा, मग घण गाईडमध्ये, म्हणजे त्याला सरळ वर-खाली नेणाऱ्या पट्ट्यांमध्ये, घासतो आणि माणूस म्हणतो प्रेशर कमी पडून राहिले. मुरूम लागेपर्यंत खोदा, आमच्या इथे चार फुटावर लागला, तुमच्याकडे वेगळा असेल. तिथून काँक्रीटचा वेगळा ठोकळा उचला, शेडच्या कोब्याला तो चिकटू देऊ नका, मधात दोन बोटांची फट ठेवून रेती भरा. ऐरणीच्या बुडाखाली खाणीच्या जुन्या कन्व्हेयर बेल्टचा एक थर टाका, काँक्रीट फुटत नाही. दोन-तीन थर टाकले तर ऐरण उड्या मारते, तेही करून पाहिले आहे मी.

ऐरण बरोबर आणि तरी मार मंद असेल तर हवेचा रस्ता तपासा. कंप्रेसरच्या घड्याळात ८ बार दिसते म्हणून खूश होऊ नका, एक घड्याळ व्हॉल्व्हच्या अगदी जवळ लावा आणि मशीन चालू असताना पाहा. चालू असताना काटा ३-४ वर पडत असेल तर मधात कुठेतरी गळा आवळला आहे. तो बहुतेक क्विक कपलर, म्हणजे नळी झटकन जोडायचा जोड, निघतो, बाहेरून अर्धा इंच दिसते आणि आतून भोक पेन्सिलीएवढे. नाहीतर पाव इंची एफआरएल (हवा गाळणारा, दाब ठरवणारा आणि तेल देणारा संच), नाहीतर व्हॉल्व्हचा सायलेन्सर तेल-कचऱ्याने बुजलेला, कारण हवा आत जायला जेवढा रस्ता लागते तेवढाच बाहेर निघायला पण लागते. मी व्हॉल्व्ह अर्ध्या इंचाचा घेतला, नळी पण तेवढीच मोकळी.

हवेचा हिशेब पण एकदा कागदावर करा. ६३ एमएम बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), २०० एमएम स्ट्रोक (पिस्टनची चाल), ६ बार, तर एक वर-खाली फेरीला जवळपास ८ लिटर मोकळी, म्हणजे न दाबलेली, हवा लागते. मिनिटाला १२० ठोके म्हणजे हजार लिटर, आणि ५ एचपीचा कंप्रेसर देते त्याच्या निम्मी. मग चालते कसे? चालते कारण एक ताप अर्धा मिनिट टिकते, तेवढ्यात पाचशे लिटर खर्च होते आणि २२० लिटरची टाकी ८ वरून ५ वर येईपर्यंत साडेसहाशे लिटर देते. लोखंड परत भट्टीत गेले की कंप्रेसर टाकी भरून घेते. म्हणजे लहान टाकीवर तुम्ही प्रेशर वाढवले तर हवा अजून लवकर संपते, चौथ्या ठोक्यापासून घण बसकण मारते.

आणि टाकी-पाईपचे एक सांगतो ते मस्करीत नेऊ नका. शेतातला उरलेला पीव्हीसी पाईप हवेच्या लाईनला लावणारे लोक मी पाहिले आहेत. पाण्यात तो नुसता फुटून गळते, दाबाच्या हवेत त्याचे तुकडे सुऱ्यासारखे उडतात. जीआय पाईप नाहीतर हवेची रबरी नळी, तिसरे काही नाही. गॅसचा जुना सिलिंडर कापून-जोडून टाकी बनवायची नाही, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सुसू करून राहिला म्हणून त्याच्यात बोल्ट ठोकायचा नाही.

दांडा तुटणे ही पुढची तक्रार. ६३ च्या सिलिंडरचा दांडा २० एमएमचा असते पण त्याच्या टोकाचे आटे फक्त १६ चे, आणि तो घणाला नट टाईट करून पक्का बांधला की प्रत्येक ठोक्याचा झटका त्या आट्यांच्या मुळाशी जाते. माझा तिसऱ्या महिन्यात तुटला, नेमका लग्नसराईच्या गेटच्या वेळी, आणि नवीन सिलिंडर नागपूरहून येईपर्यंत परत हातघण. दांडा आणि घण यांच्या मधात वर-खाली जाड रबराच्या चकत्या द्या, भोक थोडे मोकळे ठेवा, दांड्याला जरा डुलू द्या. दुसरे म्हणजे स्ट्रोक पूर्ण वापरू नका. दोन्ही डाय, म्हणजे घणावरचा आणि ऐरणीवरचा मार देणारा ठोकळा, एकमेकांना टेकल्या तरी आत पिस्टनला २५-३० एमएम जागा उरली पाहिजे, नाहीतर डाय घासून बारीक झाल्यावर पिस्टन सिलिंडरच्या झाकणावर आपटते आणि झाकण ॲल्युमिनियमचे आहे, किती दिवस सहन करेल.

पावसाळ्यात टाकीतून पाणी किती निघते ते पाहिल्याशिवाय पटत नाही. सकाळ-संध्याकाळ खालचा कॉक उघडा. पाणी व्हॉल्व्हमध्ये गेले की त्यातला स्पूल, म्हणजे हवेची दिशा बदलणारी सरकती दांडी, अडकते, घण मधातच थांबते आणि मग अचानक खाली येते, तेव्हा हात तिथे नको. डाय बदलताना हवा बंद, लाईन रिकामी, आणि घणाखाली बाभळीचा ठोकळा, मी तर ठोकळा साखळीने मशीनलाच बांधून ठेवला आहे म्हणजे शोधायचा आळस नको. ल्युब्रिकेटरमध्ये ३२ नंबरचे पातळ तेल, ट्रॅक्टरचे जळके तेल नाही. गाईडला ग्रीस फासू नका, लोखंडाच्या खपल्या त्यात चिकटून पॉलिशपेपर तयार होते.

राहिली डाय. नवीन डायची धार तशीच ठेवली तर बाराला काप पडते, पुढच्या ठोक्यात तो काप दुमडून आत जाते आणि तिथून पान नंतर फाटते. कडा चांगल्या ५-६ एमएम गोल करा, मधला भाग अगदी थोडा फुगीर. मी जुन्या कमानपाट्याची डाय करून कडक पाणी दिले होते, परत हलके तापवून ते उतरवले नाही, पहिल्याच दिवशी कोपरा उडून पत्र्याला भोक पाडून गेला. आता ईएन-८ नावाचे मध्यम कार्बनचे पोलाद वापरतो, चपटी होते, घासून घेतो, उडत तर नाही. आणि लाल विझत आलेल्या लोखंडावर मारत बसू नका, पिवळसर नारिंगी असताना मारा आणि काळपट लाल झाले की परत भट्टीत. गॅल्व्हनाईज पाईप तर भट्टीत टाकूच नका, जस्ताच्या धुराने रात्री ताप भरते.

पान काढताना मी रेग्युलेटर ३ बारवर आणतो, पॅडल अर्धेच दाबतो, मशीनने फक्त टोक काढून पान पसरवतो. मधली शीर आणि कडेचे दाते मात्र बाबांच्या जुन्या छिन्नीनेच, मशीनने करून पाहिले होते, पान पळसाचे होते ते पापडासारखे दिसायला लागले.