अंकांचा क्रम खेळातून शिकवताना या चुका टाळा

बालवाडीतले मूल एक ते वीस घडाघडा म्हणून दाखवू लागले की त्याला अंकांचा क्रम समजला असे घरच्यांना वाटते, आणि पहिली चूक तिथेच होते. ‘सातनंतर काय येते?’ असे विचारल्यावर जे मूल पुन्हा एकपासून म्हणायला लागते, त्याला अंकांची ओळ पाठ आहे, पण त्या ओळीतली सातची जागा अजून उमगलेली नाही. अशा वेळी वीसच्या पुढे जाण्याची घाई करू नये. चारपासून आठपर्यंत म्हणायला सांगावे, आठपासून उलटे यावे, किंवा एक ते दहा कार्डे ओळीने मांडून त्यांतले एक पालथे घालावे आणि ते कोणते हे शेजारच्या कार्डांवरून ओळखायला लावावे.

दुसरी चूक सापशिडीची. हा खेळ घराघरांत असल्यामुळे अंक शिकवायला पालक तोच काढतात. पण शंभर घरांच्या नेहमीच्या पटावर पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे येते आणि एकच्या डोक्यावर वीस बसतो. ज्याला क्रमच शिकायचा आहे त्याच्यासाठी ही वळणे म्हणजे चकवा, त्यात साप आणि शिड्या अंक ओलांडून पळवतात. शिवाय सोंगटी चोवीसवर असताना फाशावर तीन पडले की मूल ‘एक, दोन, तीन’ असे मोजत सरकते आणि पटावरच्या आकड्यांकडे पाहतही नाही. त्याने ‘पंचवीस, सव्वीस, सत्तावीस’ असे म्हणत सरकले पाहिजे. सापशिडी टाकून देऊ नये, पण ती नंतरची पायरी आहे.

आधी सरळ पट्टी हवी. रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या अल्प उत्पन्न गटातील बालवाडीच्या मुलांना एक ते दहा अंकांच्या सरळ पट्टीवरचा खेळ खेळायला दिला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठका झाल्या, तरी मुलांची अंकांची समज स्पष्टपणे सुधारली. अंकांऐवजी रंगांची घरे असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांत ती सुधारणा दिसली नाही. त्यांच्या पुढच्या अभ्यासात गोल पटापेक्षा सरळ पट अधिक उपयोगी ठरला. असा पट विकत आणण्याची गरज नाही. अंगणातल्या फरशीवर खडूने दहा समान घरे आखावीत, एक आणि दोन एवढेच ठिपके असलेला फासा करावा, आणि पाऊल टाकताना घरातला अंक मोठ्याने म्हणण्याचा नियम ठेवावा. घरे लहानमोठी झाली तर अंकांमधले अंतर समान असते ही गोष्टच हरवते, म्हणून आखणी मात्र नीट करावी.

वीसच्या पुढे मराठीची स्वतःची अडचण येते. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहिते. ‘एकोणतीस’ या नावात तीस असल्याने २९ चे कार्ड तिशीच्या रांगेत जाऊन बसते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला होता, पण त्यामागची अडचण खरी होती. अशा मुलाला नुसते ‘चुकले’ म्हणून भागत नाही. दहा-दहा मण्यांचे रंग आलटून पालटून ओवलेल्या माळेवर त्याला एकोणतिसावा मणी शोधायला लावावा, म्हणजे ‘तीसला एक कमी’ हे बोटाला कळते.

लागोपाठचीच कार्डे देणे हीही एक चूक आहे, कारण ती पाठांतरावरच लागतात. दोन, पाच आणि नऊ अशी विरळ तीन कार्डे द्यावीत. कार्डांवर खाली रेघ असावी, नाहीतर इंग्रजी आकड्यांतला सहा उलटा धरला की नऊ होतो. देवनागरीत १ आणि ९, तसेच ३ आणि ६ यांची गल्लत होते, म्हणून मुलाची चूक क्रमाची आहे की अक्षरओळखीची, हे आधी तपासावे.

कोल्हापुरात राहणाऱ्यांना राजारामपुरीच्या क्रमांकाच्या गल्ल्या हा तयार पट आहे. मुख्य रस्त्याने चालताना ‘ही पाचवी, मग पुढची कोणती आणि मागे कोणती गेली?’ असे विचारता येते. केएमटीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, बसचे क्रमांक मात्र या कामाचे नाहीत. ते मार्गांची ओळख पटवण्यापुरते असतात, मोठ्या क्रमांकाची बस नंतर येते असे काही नसते, आणि लहान मूल नेमका तोच अर्थ लावते.

मुलाने कार्ड चुकीच्या जागी ठेवले की लगेच उचलून बरोबर जागी ठेवण्याचा मोह मोठ्यांना आवरत नाही. त्याऐवजी त्याला ओळ बोट ठेवून वाचायला सांगावी. बहुतेकदा अडखळल्यावर मूल स्वतःच कार्ड हलवते. नाही हलवले, तर तेवढ्या संख्येचे चिंचोके प्रत्येक कार्डाखाली मांडायला सांगावेत, पण समान अंतराने, कारण पसरून ठेवलेले पाच चिंचोके या वयाच्या मुलाला जवळजवळ ठेवलेल्या सहांपेक्षा जास्त वाटू शकतात. घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल तर चिंचोके आणि मणी खेळ संपताच मोजून डब्यात ठेवावेत.