दिवस राहत नाहीत म्हणून दवाखान्यात निघताना

यादीत सगळ्यात वर नवरा. फाइल विसरली तर पुढच्या खेपेला नेता येते, पण तो घरी राहिला तर जळगाव-धुळ्यापर्यंतची एसटीची फेरी अर्धी वाया गेली समजा. वीर्याची तपासणी सोपी आणि स्वस्त, ती आधी उरकावी. तिच्यासाठी २ ते ७ दिवस संबंध टाळलेला असावा. शिवाय गर्भनळ्या खराब करणारे क्लॅमिडिया, गोनोरियासारखे जंतू संबंधातून लागतात. औषध एकटीनेच घेतलं तर जंतू तिकडून पुन्हा इकडे येतो.

मग पाळीची तारीख. कापूस वेचणीच्या धांदलीत ती कुणाच्या लक्षात राहते? भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा. नळ्या उघड्या आहेत का हे बघायचा डाय टाकून काढलेला एक्स-रे रक्तस्राव थांबल्यावर, पाळी आल्यापासून साधारण दहाव्या दिवसाच्या आत करतात. संसर्ग चालू असेल तर तो आधी बरा करावा लागतो, म्हणून ओटीपोटात दुखतंय, ताप येतो, अंगावरून वास येणारं पांढरं जातंय हे लपवू नका. जायच्या आधी दोन दिवस आतून धुणं, क्रीम, गोळी ठेवणं बंद.

जुने कागद सगळे घ्या, मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा. ‘पिशवीला सूज’ असं किती वेळा सांगितलं गेलं, तांबी कधी बसवली, गर्भ पडला की पाडला, पिशवी साफ केली का, हे डॉक्टरांना खरं सांगायचं. आणि स्वतःला किंवा घरात कुणाला टीबी झाला होता का, तेही. नळ्या आणि पिशवी खराब करणारा टीबी आपल्याकडे दुर्मीळ नाही. खोकला असेलच असं नाही, कधी फक्त पाळी कमी होत जाते. पिशवीच्या अस्तराचा नमुना तपासतात. औषध सहसा सहा महिने चालतं, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

पैशांची ओढाताण असेल तर जिल्हा रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक, म्हणजे संबंधातून लागणाऱ्या आजारांचा दवाखाना, विचारा. तपासणी आणि औषध तिथे मोफत. ओटीपोटाच्या दुखण्यासाठी गोळ्यांचं पिवळं किट मिळतं, १४ दिवसांचं. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी निघालात तर गोळ्या बॅगेत, आणि नवऱ्याला दिलेल्या गोळ्यांची आठवण फोनवर. त्यात मेट्रोनिडॅझोल असेल तर दारू बंद, हे त्याला तुमच्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेलं बरं.

एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या: ‘नळ्यांचं काय?’ औषधाने जंतू मरतो, पण नळीत पडलेला व्रण जात नाही. त्यामुळे ‘संसर्ग गेला’ म्हणजे ‘आता दिवस राहतील’ असं धरून वर्ष घालवू नका. पस्तिशी ओलांडली असेल तर मुळीच नाही. दोन्ही नळ्या बंद असतील तर टेस्ट ट्यूबचा मार्ग उरतो, आणि नळीत पाणी साठून ती फुगली असेल तर त्याआधी ती काढावी किंवा बंद करावी लागू शकते. पिशवीचं अस्तरच टीबीने खाल्लं असेल तर तोही मार्ग अवघड होतो. हे ऐकायला जड आहे, पण पहिल्याच भेटीत विचारा.

सासूबाईंना सोबत न्यायला हरकत नाही. त्या दारातच म्हणतील, “मी बी मझार येस” (मीपण आत येते). त्यांच्या हातात पाण्याची बाटली आणि केसपेपरची रांग द्या, आत दोघंच जा.