हात धरू नका, हात द्या

बधिरांध, म्हणजे दिसणं आणि ऐकणं दोन्ही कमी असलेल्या किंवा नसलेल्या मुलांना शिकवायला नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी एकच सांगते: मुलाचा हात वरून धरून हलवायचा नाही. आपला हात त्याच्या हाताखाली सरकवायचा. त्याचे हात म्हणजेच त्याचे डोळे, कान आणि बरेचदा बोलणंही. खालून दिलेला हात त्याला नको वाटला तर सोडता येतो.

त्याआधी तपासणीचे अहवाल वाचा. बहुतेक मुलांना थोडं दिसतं किंवा थोडं ऐकू येतं. किती अंतरावरून, कुठल्या बाजूने, कशा उजेडात, ते वर्गात स्वतः पडताळा. जुन्या अहवालावर विसंबू नका, अशर सिंड्रोम या ऐकणं आणि दिसणं दोन्हीवर परिणाम करणाऱ्या आनुवंशिक आजारात नजर कडेकडेने आक्रसत जाते. श्रवणयंत्राची बॅटरी रोज सकाळी बघायची, यात सबब नाही.

जवळ गेलात की खांद्यावर हलका स्पर्श करा, थांबा, मग तुम्ही कोण हे सांगणारी तुमची खूण द्या. माझी खूण म्हणजे घड्याळाचा जाडा पट्टा. तो मी कधीच बदलत नाही.

पुढे काय होणार हे वस्तूने सांगा, जेवणाआधी चमचा हातात. इथे मी एकदा चुकले होते. झोपाळ्यासाठी प्लॅस्टिकचा छोटा झोपाळा देत राहिले. डोळ्यांना तो झोपाळा, बोटांना नुसतं प्लॅस्टिक! झोपाळ्याच्याच दोराचा तुकडा दिल्यावर आठवड्याभरात मुलगी तो घेऊन दाराकडे निघाली.

सगळ्यात अवघड काम थांबण्याचं. एका मुलाला पेल्यातून दोन घोट दिले की मी हात थांबवायची आणि मनात वीसपर्यंत मोजायची. अठराच्या आसपास त्याचा श्वास बदलायचा, मग करंगळी पेल्यावर टेकायची. तेच त्याचं 'अजून'. पाचव्या आकड्याला मी घाई केली असती तर ते मला कधीच कळलं नसतं. बधिरांध हेलन केलरचा ५ एप्रिल १८८७चा पंपाचा प्रसंग सगळ्यांना आठवतो: हातावर पाणी पडताना तिला 'पाणी' हा शब्द उमगला. त्याआधी तिच्या शिक्षिका ॲन सुलिव्हन महिनाभर रोज तिच्या तळहातावर बोटांच्या खुणांनी शब्दांची अक्षरं देत होत्या, ते विसरतात. आणि हेलनला जन्मानंतर पहिले एकोणीस महिने दिसत-ऐकू येत होतं. जन्मापासून बधिरांध असलेल्या मुलाला याहून कितीतरी वेळ द्यावा लागतो.

त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलायचं असेल तर त्यालाही त्यात घ्या. आणि खोलीतून जाताना पट्ट्यावर त्याचा हात ठेवून निरोप द्या. न सांगता उठून गेलात तर तुम्ही अजून शेजारीच आहात असं समजून तो रिकाम्या जागेकडे हात पुढे करत राहतो.