सेन्सर रानात, गेटवे मोटारसायकलवर: सुरू उसाच्या पाण्यासाठी सल्ला

चिकोडी, निपाणी, हुक्केरी, रायबाग भागात सुरू हंगामातल्या उसाच्या लागणीसाठी जमिनीतल्या ओलाव्याचे वायरलेस सेन्सर घेणार असाल, तर फेब्रुवारीतल्या चाचणीवर विसंबू नका. तेव्हा रान मोकळं असतं, रेंज झकास मिळते. ऊस डोक्यावर गेला की पानांतलं पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. २.४ गिगाहर्ट्झवरचे सेन्सर लवकर मुके होतात. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारा लोरा (कमी विजेत लांबवर नोंद पाठवणारं रेडिओ तंत्र) जास्त तग धरतो, पण दाट फडात त्याचाही पल्ला घटतो.

त्यावर उपाय म्हणून एका सेन्सरची नोंद दुसऱ्यामार्फत पुढे पाठवणारी जोडणी सुचवली जाते. तिच्यात गेटवेजवळच्या, म्हणजे सगळ्या नोंदी गोळा करणाऱ्या यंत्राजवळच्या, सेन्सरवर सगळ्यांचा भार येतो. त्याची बॅटरी आधी संपते आणि मागचे सगळे तुटतात. त्यात वाटण्या होऊन दहा गुंठे ओढ्यापलीकडे, वीस गुंठे माळावर! प्रत्येक तुकड्याला वेगळा गेटवे कसा परवडणार?

म्हणून गेटवेच फिरता ठेवा. डेअरीची गाडी दारोदार दूध गोळा करते, तसंच हे. पाणी पाजायला जाणाऱ्याच्या मोटारसायकलवर पॉवर बँकेवर चालणारा छोटा गेटवे बांधा आणि प्रत्येक बांधावर जरा थांबा. सेन्सरने दर तासाची नोंद वेळेसकट स्वतःकडे साठवावी आणि पोच मिळाल्याशिवाय पुसू नये. किती दिवसांच्या नोंदी मावतात, हे विक्रेत्याला आधी विचारा. सेन्सर चोवीस तास कान लावून बसला तर नुसत्या ऐकण्यातच बॅटरी लवकर संपते. त्यामुळे तुमच्या फेरीची वेळ, समजा सकाळी ७ ते ८, सेन्सरमध्ये बसवून घ्या, म्हणजे तो तेवढाच वेळ ऐकेल.

काळ्या रानातली ओल हळूहळू उतरते, एखाद्या दिवसाचा उशीर चालतो. अथणीच्या द्राक्षबागेत मात्र हे नको. डाऊनी (केवडा) रोगासाठी पान किती वेळ ओलं राहिलं ते लगेच कळायला हवं, तिथे गेटवे कायमचाच लावा. मोटार चालू-बंद करायलाही फिरता गेटवे उपयोगाचा नाही.

गेटवे फिरवा, पण पुरलेला सेन्सर उपटून या रानातून त्या रानात नेऊ नका. काळ्या मातीत भेग पडून सेन्सरभोवती हवा शिरली, की ओल असूनही आकडा कोरडा दिसतो. बसवताना त्याच खड्ड्यातल्या मातीचा पातळ चिखल करून भोवती ओता. एक सेन्सर १५ ते २० सेंटिमीटरवर, दुसरा ४० ते ४५ वर ठेवा. दोन पाणी होईपर्यंत आकड्यावर पाळी ठरवू नका. तोवर खुरप्याने माती उकरून मुठीत दाबून बघा, आणि पुढेही ही सवय सोडू नका.

तोड लागायच्या आधी खांब आणि अँटेना काढून घ्या. पुरलेल्या सेन्सरची जागा बांधापासून पावलं मोजून वहीत लिहा, नाहीतर खोडव्याच्या (तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या) बगला फोडताना तो औताखाली जाईल.